मशीनने न पाहिलेलं रक्त

मुलुंड पूर्व,
१२ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

फोन केला असता, पण मागच्या वेळी कानाचं यंत्र लावूनही तुला 'सर्व्हर'चं 'सरबत' ऐकू आलं होतं. आणि व्हॉट्सॲपवरच्या तीन शब्दांना तू उत्तर देत नाहीस. म्हणून हे ईमेलवरचं पत्र, तुला आवडतं तसं, सविस्तर.

आधी चांगली बातमी. मामीचा रिपोर्ट सोबत जोडलाय. गेल्या आठवड्यात आमच्या लॅबची लताताई बोरिवलीला येऊन रक्त घेऊन गेली होती ना, त्याचा. हिमोग्लोबिन, साखर, किडनी, लिव्हर, सगळं नॉर्मल. मामीला म्हणावं, थकवा येतो म्हणून सोफ्यावर बसून राहू नकोस, रोज सकाळी बागेत दोन चकरा मार. स्टाफच्या नातेवाइकांना आमच्याकडे टेस्ट फुकट असतात. आता दर सहा महिन्यांनी करत जाऊ.

आता माझं रडगाणं. घाटकोपरची आमची लॅब एक मोठी कंपनी विकत घेतेय. त्यांना गेल्या दोन वर्षांतले सगळे रक्ताचे रिपोर्ट एका फाइलमध्ये हवेत, आणि त्यात एकच रिपोर्ट दोनदा आलेला चालणार नाही. देवदत्त सरांनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, हे काम माझ्या एकटीच्या गळ्यात मारलंय. रोजची एक टेक्स्ट फाइल, अशा सातशे फाइली, त्यात एकाहत्तर हजार ओळी. एका ओळीत एक माणूस: बारकोड, नाव, वय, फोन आणि पुढे बारा टेस्टचे आकडे. चार दिवस मी एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करतेय आणि ते दर तासाला बंद पडतंय. माझी पूर्ण वाट लागली आहे.

रेकॉर्ड रूममध्ये एक जुना कॉम्प्युटर आहे, त्यावर लिनक्स आहे म्हणे. तू नोकरीत तीस वर्षं त्या काळ्या स्क्रीनसमोर काढलीस. काहीतरी सुचव ना.

तुझी प्रांजल


बोरिवली पूर्व,
१४ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,

पत्र वाचून बरं वाटलं. मामीला रिपोर्ट वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग मला दमायला का होतं?" मी म्हटलं, रिपोर्टला विचार. तुझी मामी आणि मी, आम्ही दोघंही ठीक आहोत.

तुझ्या कामाला एक्सेल नको. त्या काळ्या स्क्रीनवर छोटे छोटे प्रोग्रॅम असतात, प्रत्येकाला एकच काम येतं. 'कॅट' फाइली एकामागे एक जोडून देतो. 'ग्रेप' हवा तो शब्द असलेल्या ओळी शोधून देतो. 'सॉर्ट' ओळी क्रमाने लावतो. 'कट' ओळीतला हवा तेवढाच रकाना कापून काढतो. 'युनिक' पुन्हा पुन्हा आलेल्या ओळी एकदाच ठेवतो, आणि सांगितलंस तर कुठली किती वेळा आली तेही मोजून देतो. मध्ये उभी रेघ टाकलीस की एकाचं काम संपून पुढच्याच्या हातात जातं. धान्य निवडायला बायका ओळीने बसतात, एक पाखडते, दुसरी खडे काढते, तिसरी चाळते, तसं.

एक गोष्ट ध्यानात ठेव. युनिक फक्त शेजारच्या दोन ओळी बघतो. लांब पडलेल्या सारख्या ओळी त्याला दिसत नाहीत. म्हणून आधी सॉर्ट करायचं. आमच्या ऑफिसात एका हुशार माणसाने हे विसरून अख्ख्या विभागाची बिलं दोनदा पाठवली होती.

कमांड सोबत लिहून दिल्या आहेत. आणि वरचा बाण दाबलास की आधी दिलेल्या कमांड परत दिसतात, पुन्हा टाइप करावं लागत नाही. मूळ फाइलींना हात लावू नकोस, प्रत घेऊन काम कर.

तुझा,
अनंतमामा


मुलुंड,
२१ जानेवारी २०२५

प्रिय मामा,

झकास. सातशे फाइली चहा प्यायच्या आत एक झाल्या. देवदत्त सर मागे येऊन उभे राहिले, म्हणाले, "हे काय, सिनेमातल्या हॅकरसारखं?" मी म्हटलं, माझ्या मामाचं आहे.

पण अडलेय. युनिक म्हणतो, एकही ओळ दोनदा नाही. हे शक्यच नाही. काउंटरवरची मुलं एकच नाव तीन तऱ्हांनी लिहितात, बारकोडही दुसरा चिकटवतात. माणूस एक, ओळी दोन. हे कसं पकडायचं?

मामी हळदीकुंकवाला का आली नाही गं, असं आई विचारत होती. बरी आहे ना?

प्रांजल


बोरिवली,
२२ जानेवारी २०२५

चि. प्रांजल,

सोपं आहे. नाव, वय, फोन, बारकोड, सगळं कापून टाक. फक्त आकडे ठेव. मग सॉर्ट, मग युनिकला मोजायला सांग. दोन वेगळ्या माणसांच्या रक्तातले बाराच्या बारा आकडे दशांशापर्यंत जुळतील असं होणं जवळजवळ अशक्य. जिथे जुळतील तिथे माणूस एकच समज.

मामीचे पाय जरा दुखत होते, म्हणून आली नाही. विशेष काही नाही. रिपोर्ट नॉर्मल आहे हे तूच कळवलंस, मग काळजी कसली.

अनंतमामा


मुलुंड,
३० जानेवारी २०२५

प्रिय मामा,

तू सांगितलंस तसं केलं. मला वाटलं होतं, जुळलेल्या ओळीपुढे दोन येईल, फार तर तीन. सगळ्यात वरच्या ओळीपुढे एकसष्ट आलं. तिच्याखाली अठ्ठावन्न. परत अठ्ठावन्न. मग चव्वेचाळीस. अशा साठेक ओळी आहेत.

एकसष्ट वेळा एकच रक्त, मामा. आणि सगळे आकडे असे की डॉक्टर बघून म्हणेल, तब्येत छान आहे.

मी पुन्हा केलं. कापताना रकाने चुकले असतील म्हणून दुसऱ्या पद्धतीने केलं. तेच. सरांना अजून दाखवलं नाही. माझं काही चुकतंय का?

प्रांजल


बोरिवली,
१ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल,

घाबरू नकोस. मशीन बरोबर चालतं की नाही हे बघायला रोज सकाळी ठरावीक नमुना त्यात घालतात, असं मी वाचलंय. त्या चाचणीच्या ओळी रिपोर्टच्या फाइलीत घुसल्या असणार. ग्रेपने वेगळ्या काढ आणि टाकून दे. काम संपव.

इकडे मामीने जेवण कमी केलंय. तोंडाला चव नाही म्हणते, सगळं लोखंडासारखं लागतं म्हणे. मी तिला रागावलो. रिपोर्ट कपाटाच्या दारावर चिकटवून ठेवलाय. काही कुरकुर केली की बोट दाखवतो.

अनंतमामा


मुलुंड,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय मामा,

हे पत्र घरून लिहितेय. ऑफिसच्या पत्त्यावर या विषयाचं काही लिहू नकोस.

चाचणीच्या ओळी नाहीत त्या. मी एकेक उघडून बघितल्या. भांडुपचे बहात्तर वर्षांचे आजोबा. विक्रोळीची एकोणीस वर्षांची मुलगी. दोघांचे बाराही आकडे एकच.

मग मी मशीनची फाइल शोधली. प्रत्येक ट्यूब आत गेली की मशीन स्वतः बारकोड लिहून ठेवतं, त्याला कुणी हात लावत नाही. एका बाजूला रिपोर्ट दिलेले बारकोड, दुसऱ्या बाजूला मशीनने पाहिलेले. दोन्ही सॉर्ट केले. मॅन्युअल वाचताना 'कॉम' नावाची कमांड सापडली होती, दोन याद्या शेजारी ठेवून फक्त एकीतच काय आहे ते सांगणारी. तिला दिले. एक हजार नऊशे बारा बारकोड आले, ज्यांचा रिपोर्ट गेलाय पण ज्यांचं रक्त मशीनने कधी बघितलंच नाही. सगळी घरून गोळा केलेली किंवा शिबिरातली. ज्या दिवशी ट्यूब मशीनला झेपतील त्यापेक्षा जास्त आल्या, त्या दिवशीची.

काल जेवायच्या सुट्टीत लताताईला गाठलं. तीच घरोघरी जाऊन रक्त घेते. मी विचारलं, "तू आणलेल्या ट्यूब कुठे जातात?"

ती डबा झाकत म्हणाली, "माका काय इचारतंस? मी रगत आणून देतंय. फुडे त्याचा काय करतत ता सरांक इचार."

"सरांना विचारायच्या आधी तुला विचारतेय."

तिने डबा बाजूला सारला. मग मालवणी सोडून साध्या मराठीत म्हणाली, "एकदा हात धुवायला मागे गेले. बेसिनमध्ये लाल पाणी होतं. बाजूला रिकाम्या ट्यूब, माझ्याच अक्षरातली नावं. त्यातली एक मुलगी फार रडली होती सुई टोचताना. मी तिला म्हटलं होतं, रडू नको, उद्या कळेल तुला काय झालंय ते." एवढं बोलून ती उठली. आज ती कामावर आली नाही. फोन बंद आहे.

ती एक हजार नऊशे बारा नावं, फोन नंबरांसकट, एका फाइलीत काढून सोबत जोडली आहेत. तुझ्याकडे असू दे. माझ्याकडे राहील की नाही सांगता येत नाही.

आणि मामीची टेस्ट दुसरीकडे करून घे. उद्याच घे. घरून गेलेलं कुठलंच रक्त मला आता भरवशाचं वाटत नाही, म्हणून म्हणतेय.

प्रांजल


बोरिवली,
१० फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल,

पत्र चार वेळा वाचलं. यादी मिळाली. ती मी उघडलेली नाही.

एवढं सविस्तर लिहिलंस आणि एकच गोष्ट लिहिली नाहीस. तुझ्या मामीचा, वनमालाचा, बारकोड त्यात आहे का? ग्रेपला अर्धा सेकंद लागत नाही. मी स्वतः बघू शकतो. पण तू सांग. हो किंवा नाही.

दुसऱ्या टेस्टचं म्हणशील, तर तिच्या भाचीचं, श्रुतिकाचं, लग्न तेवीस तारखेला आहे. तोवर सुई नको म्हणते. तिला बरं आहे. थोडी सुस्त आहे इतकंच.

अनंतमामा


घाटकोपर,
१३ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मामा,

आपल्या दिनांक १० च्या पत्राचे उत्तर देण्यास उशीर झाला, क्षमस्व. मी आपल्याला पाठवलेली माहिती माझ्या तांत्रिक चुकीमुळे निर्माण झाली होती. कमांड चुकीची दिली गेली. लॅबचे सर्व रिपोर्ट योग्य आहेत. मामींचा रिपोर्टही योग्य आहे. कृपया मी पाठवलेली फाइल तुम्ही त्वरित डिलीट करावी आणि तसे याच पत्त्यावर कळवावे.

आपली,
प्रांजल


बोरिवली,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. प्रांजल,

तुझ्या कॉलेजच्या जुन्या पत्त्यावर लिहितोय. तो फक्त तूच उघडतेस अशी आशा आहे. आईकडून कळलं की तू घरी आहेस, सुखरूप आहेस, पण बोलत नाहीस.

ते पत्र तुझं नव्हतं. बोलायला लागल्यापासून तू मला कधी 'तुम्ही' म्हटलेलं नाहीस. ते वाचलं आणि मला 'हो किंवा नाही'चं उत्तर मिळालं. मग यादी उघडली, ग्रेप केलं. एकच ओळ आली. वनमालाची.

तिला म्हटलं, ऊठ, हॉस्पिटलमध्ये जायचंय. तिने कारण विचारलं नाही. चपला घालायला लागली तर पाय आत जाईनात. मग माझ्या मोठ्या स्लिपर घालून निघाली.

क्रिएटिनीन आठ पूर्णांक दोन. तुझ्या रिपोर्टमध्ये शून्य पूर्णांक नऊ होतं. दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या आहेत. त्याच दिवशी दाखल करून डायलिसिस सुरू केलं. डॉक्टरांना विचारलं, जानेवारीत कळलं असतं तर? ते म्हणाले, "वाचल्या असत्या असं नाही सांगू शकत. पण औषधांवर काही काळ ढकलता आलं असतं. अशी धावपळ झाली नसती."

आता मी तुझ्यापासून काय लपवलं ते लिहितो. दिवाळीपासून तिचे पाय सुजतात. अंगाला खाज सुटते. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी ती बाथरूममध्ये पडली होती. फेब्रुवारीत रोज सकाळी उलट्या. "प्रांजलला सांगू नका, पोर नोकरीच्या टेन्शनमध्ये आहे" असं ती म्हणायची आणि मला ते सोयीचं वाटायचं. कारण माझ्याकडे कागद होता. ती वाकून उलटी करायची आणि मी कपाटाच्या दाराकडे बोट दाखवायचो.

तुझा राग नाही. पण तू लिही.

मामा


मुलुंड,
३ मार्च २०२५

प्रिय मामा,

दोन आठवडे दर दिवशी हे पत्र लिहायला घेतलं.

मामीचा नंबर मला सहा तारखेलाच दिसला होता. यादी तयार झाल्यावर सगळ्यात आधी तेच ग्रेप केलं. ओळ आली. मी स्क्रीन बंद केली, परत चालू केली, परत तेच. नऊ तारखेच्या पत्रात चार वेळा ते वाक्य लिहिलं आणि खोडलं. रिपोर्ट मीच आणला होता, 'सोफ्यावर बसू नकोस' असंही मीच लिहिलं होतं. मला वाटलं, तू टेस्ट करशील, ती नॉर्मल येईल, आणि मग मला हे कधीच सांगावं लागणार नाही.

तेरा तारखेला सकाळी सर रेकॉर्ड रूममध्ये बसलेले होते. ओरडले नाहीत. काळ्या स्क्रीनवर वरचा बाण दाबत होते, एकेक करून. माझी प्रत्येक कमांड खालून वर जात होती. शेवटी म्हणाले, "मशीनच्या फाइलीत तुझं काय काम होतं?" मग तुझं दहा तारखेचं पत्र उघडायला लावलं. माझा घरचा मेल त्या कॉम्प्युटरवर उघडा राहिला होता. मागे खुर्ची घेऊन बसले आणि उत्तर सांगत गेले, मी टाइप करत गेले. 'तुम्ही' मी मुद्दाम लिहिलं. त्यांना ते नीट वाटलं. संध्याकाळपर्यंत रेकॉर्ड रूममधला कॉम्प्युटर उचलून नेला होता. जाताना मला म्हणाले, "तुझे मामा बोरिवलीला कुठे राहतात ते लताला माहीत आहे, नाही का?" एवढंच.

मी परत गेले नाही. गेल्या आठवड्यात आरोग्य विभागाकडे तक्रार केली. अधिकाऱ्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाले, यादी म्हणजे फक्त नावं. ती कुणीही टाइप करू शकतं. मशीनची फाइल दाखवा. ती आता कुठेच नाही.

मामीला भेटायला यायचंय. तिने येऊ नको म्हटलं तरी चालेल.

प्रांजल


बोरिवली,
२८ एप्रिल २०२५

चि. प्रांजल,

तू त्या रविवारी येऊन मामीशी जे बोललीस ते मला ऐकू आलं नाही, आणि तिने सांगितलंही नाही. पण त्यानंतर ती नीट जेवायला लागली.

मंगळवार आणि शुक्रवार डायलिसिस. चार तास पडून राहायचं असतं. दुसऱ्याच आठवड्यात ती म्हणाली, "ती यादी छापून आणा. माझा एक हात मोकळा असतो." तेव्हापासून ती फोन करते. मी बाजूला बसून खुणा करतो, मला फोनवर ऐकू येत नाही ना. ती शांतपणे नाव सांगते, म्हणते, "त्या लॅबने तुमचं रक्त तपासलंच नव्हतं. माझंही नव्हतं. परत करून घ्या." काही जण शिव्या देतात. काहींना वाटतं, दुसऱ्या लॅबची जाहिरात आहे. विक्रोळीच्या त्या मुलीचा फोन तिच्या वडिलांनी उचलला. मामीने फोन ठेवला आणि पेन उचललं. नावापुढे तिने मुलगी गेल्याची तारीख लिहिली, आठ महिन्यांपूर्वीची.

आता महत्त्वाचं. गेल्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगच्या पत्रपेट्यांत एक पत्रक पडलं. पूर्ण तपासणी, घरून रक्त घेऊन जाऊ. नाव नवं, पत्ता घाटकोपरचा तोच, मजलाही तोच. पाटी तेवढी बदलली होती. मी फाडायला निघालो तर मामीने हातातून घेतलं आणि फोन लावला. नाव विचारलं तेव्हा माहेरचं सांगितलं, नीला. पत्ता शेजाऱ्यांचा दिला. मी नको म्हणत होतो. देवदत्तचा माणूस आपल्या दाराशी, हा विचारच मला सहन होत नव्हता. ती म्हणाली, "माझ्याकडे आता पुरावा म्हणून रक्तच आहे. ते मशीनच्या फाइलीसारखं पुसता येणार नाही."

शुक्रवारी सकाळी आठला एक तरुण आला, नम्र होता, ट्यूबवर नीट नाव लिहून गेला. सर्वेश म्हणून शेजारचे वकील आहेत, त्यांनी सगळं डोळ्यांसमोर बघितलं, वेळ लिहिली. अकरा वाजता हॉस्पिटलमध्ये डायलिसिसच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलं. क्रिएटिनीन सहा पूर्णांक सात. संध्याकाळी पाचला लॅबचा रिपोर्ट फोनवर आला. शून्य पूर्णांक आठ. खाली सही होती आणि 'उत्तम आरोग्याबद्दल अभिनंदन' असं लिहिलं होतं.

दोन्ही कागद, डॉक्टरांचं पत्र आणि सर्वेशचं प्रतिज्ञापत्र घेऊन आज सकाळी तुझ्या त्या अधिकाऱ्यांकडे गेलो. या वेळी त्यांनी खुर्ची दिली. दुपारी लॅबला सील लागलं. देवदत्त तिथे नव्हता, घरीही नाही, कुठे आहे कुणाला माहीत नाही. तुझा जबाब पुन्हा घेणार आहेत. लता कणकवलीहून यायला तयार झाली आहे. मामीशीच बोलली ती, दोघी फोनवर रडल्या. तू एकटीने कुठे येऊ-जाऊ नकोस, निघताना आईला सांगत जा.

मी मामीला म्हटलं, आता यादी त्यांच्या हातात आहे, लोकांना तेच कळवतील, तू विश्रांती घे. तिने माझ्याकडे बघितलं आणि चष्मा लावला.

हे पत्र मी तिच्या बाजूला बसून लिहितोय. ती चारशे अकराव्या नावावर आहे. मघापासून तिसऱ्यांदा तोच नंबर लावतेय. पलीकडे कुणी उचलत नाही.

तुझा,
मामा